दिवेलागणीनंतरचं विरजण

माझ्या सासूबाईंनी माझ्या मोटरसायकलला हळद लावली आणि गाडी मेली.

बंद पडली नाही, मेली. बंद पडलेली गाडी मी रस्त्याकडेला उकिडवा बसून चालू करतो, त्यात तासगाव तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण इथं गाडीच्या पडद्यावर लाल अक्षरांत लिहूनच आलं होतं: 'कूलंट निर्जीव. वाहन चालवू नये.' आणि हे कुठं, तर घरापासून हजारभर किलोमीटरवर, बस्तरमधून ओडिशाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना सालाच्या झाडांचं जंगल आणि मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही.

"मामी, काय केलंत हे?"

"काय केलं म्हणजे? गळत होतं, हळद दाबली," मामी पिवळे हात पदराला पुसत म्हणाल्या. "आमचे हे ट्रॅक्टरच्या रेडिएटरला हळदच घालायचे. गळती तिथल्या तिथं बंद."

"तो रेडिएटर होता मामी! यात जीव आहेत, जीव! हळदीनं जंतू मरतात!"

"मग चांगलंच की. जंतू मेलेलेच बरे."

सासूवर ओरडता येत नाही, म्हणून मी रस्त्यावरच्या एका दगडाला लाथ घातली. दगड जमिनीत निम्मा पुरलेला होता. पुढची पाच मिनिटं मी एका पायावर नाचलो आणि मामी "अगं बाई, लागलं का जावईबापू? हळद लावू का?" असं विचारत राहिल्या.

आमच्याकडं जावयानं सासूला मामी म्हणायची पद्धत आहे. या रंजनामामी म्हणजे माझ्या बायकोची, तृप्तीची, आई. सदुसष्टीच्या, अंगानं काडी, आवाजानं तोफ. पाच दिवस माझ्या मागं बसून आल्या होत्या आणि एकदाही पाठ दुखते म्हणाल्या नव्हत्या. दोन हेल्मेटांतून एकमेकांशी बोलायची सोय असते ना, ती ज्यानं काढली त्याला शोधून हाणला पाहिजे. सोलापूर सोडल्यापासून माझ्या कानात अखंड चालू होतं: हळू घ्या, म्हैस आहे, तुम्ही सकाळी नीट जेवला नाहीत, हळू घ्या.

आम्ही निघालो होतो कोरापुटला. तृप्ती जीवाणूंची शास्त्रज्ञ. दोन वर्षांसाठी म्हणून तिथल्या संशोधन केंद्रात गेली. दोन वर्षं मी तोंड दाबून काढली. ती संपत आली तशी मी घराला रंग दिला, तिच्या टेबलाजवळ नवा दिवा लावला. तर केंद्रवाल्यांनी तिच्यापुढं आणखी पाच वर्षांचा करार ठेवला. मी फोनवर म्हणालो, "कर सही, माझं काय जातंय!" आता हे वाक्य माणूस कुठल्या सुरात म्हणतो ते बायकोनं ओळखायला नको? तिनं फोन ठेवला तो ठेवलाच. मग एक निरोप आला: 'फोनवर तू नुसता ओरडतोस. बोलायचं असेल तर समोर ये. गुरुवारी सकाळी सही आहे.'

झालं! गुरुवारच्या आत पोचायचं, समोर उभं राहायचं आणि तिला घेऊनच यायचं, असं ठरवून मी गाडी काढली. तेवढ्यात मामी पिशवी भरून दारात हजर. "मी पण येते. बस मला लागते, रेल्वेत जीव घुसमटतो. गाडीवर कसा वारा लागतो." बायकोला आणायला निघालेला माणूस तिच्या आईला नाही कसं म्हणणार?

हळद लागली तो बुधवार होता. दुपार कलायला आली होती.

गाडी मरते कशी ते आधी सांगतो. हे सगळं तृप्तीनंच मला शिकवलंय, तेव्हा काही चुकलं तर तिचं चुकलं. बॅटरीवरच्या गाडीत बॅटरीचं माणसासारखंच असतं. अंगात ताप भरला की काम करवत नाही आणि फार चढला तर पेट घ्यायची भीती. म्हणून तिच्याभोवती बारीक नळ्यांतून कूलंट खेळवतात. ते बॅटरीची उष्णता उचलून पुढच्या जाळीकडं नेतं, तिथं वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा मागं येतं. पूर्वी त्यासाठी हिरवं-निळं रसायन असायचं. नळीला भोक पडलं की ते सगळं रस्त्यावर आणि तुम्ही टेम्पोची वाट बघत बसायचं.

मग जिवंत कूलंट आलं. व्हिनेगरची बरणी बरेच दिवस राहिली की वर एक चिवट पापुद्रा धरतो, पाहिलाय कधी? तो जीवाणूंनी विणलेला असतो. त्यांना हवा मिळाली की ते साखर खातात आणि बारीक बारीक धागे सोडतात, कापूस ज्या पदार्थाचा असतो त्याच पदार्थाचे. शास्त्रज्ञांनी त्या जीवाणूंच्या जनुकांत फेरफार करून त्यांना बॅटरीच्या गरमीत राहायला शिकवलं आणि नळ्यांत सोडलं. बंद नळीत हवा नाही, त्यामुळं ते पेंगत पडून असतात. कुठं चीर गेली की तिथं त्यांना हवा भेटते, ते जागे होतात आणि त्या चिरेवर साय धरतात. आपलं रक्त साकळून जखम बंद होते तसंच. बारीकसारीक गळती तर आपल्याला कळतसुद्धा नाही. महिन्यातून एकदा गुळाचं पाणी पाजायचं, एवढीच त्यांची मागणी.

कंपन्यांनी याला अवघड नावं दिली, लोकांनी सरळ विरजण म्हटलं. कारण एका गाडीतलं वाटीभर दुसरीच्या पाण्यात घातलं, कोमट जागी ठेवलं आणि रात्रभर हलवलं नाही, की सकाळी ती गाडी तयार. शेजारणी दह्यासाठी वाटी घेऊन यायच्या तशी माणसं गाडीसाठी वाटी घेऊन यायला लागली.

माझ्या गाडीतलं विरजण तृप्तीच्या हातचं होतं. आमच्याच स्वयंपाकघरात, माझ्या चहाच्या पातेल्यात लावलेलं. ती कोरापुटला गेल्यावर घरात तिचं असं जिवंत काही उरलं असेल तर ते गाडीच्या पोटात होतं. मी वेळेवर जेवलो नसेन, पण गाडीचा गूळ चुकवला नाही. त्या दुपारी ट्रकच्या चाकाखालून दगड उडून नळीला बोटभर चीर पडली, तरी मी घाबरलो नव्हतो. एवढ्या मोठ्या चिरेला साय धरायला आधार लागतो. म्हणून सुती फडकं गुंडाळलं, तासाभरात धरेल म्हणालो आणि गळालेलं पाणी भरून काढायला ओढ्यावर गेलो. परत येऊन बघतो तर फडकं पिवळंधमक, टाकीचं झाकण उघडं आणि शेजारी हळदीची रिकामी पुडी. मामी प्रवासात मीठ, मिरची आणि हळद घेतल्याशिवाय निघत नाहीत.

खरं सांगतो, मला रडू आलं. मामींना दिसू नये म्हणून मी हेल्मेट घातलं.

"चला," मामी म्हणाल्या, "असं उभं राहून काय होणार?" आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन त्यांनी चिंचेची पोती घेऊन चाललेली एक पिकअप हात पसरून अडवली. "भैया! हमारे गाडी का विरजण मर गया! इधर सोना-चांदी गलानेवाला है क्या कोई?"

"मामी, गाडीला सोनार कशाला?"

"गप बसा हो तुम्ही. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत. जिथं सोनार तिथं त्याचं सोनं गाळून शुद्ध करणारा आमच्याकडचा एक तरी असणारच. आपलं माणूस भेटलं की पुढचं तेच बघतं."

पिकअपवाला हसून म्हणाला, "मराठा सेठ? टेमरीपाडा में हैं ना."

गाडी पोत्यांवर आडवी घातली आणि आम्ही टेमरीपाड्याला पोचलो. एकच बाजाररस्ता, त्याच्या टोकाला बैठं घर, पुढं गलाईची भट्टी, मागं राहायची जागा. दारात एक ठसठशीत बाई तुळशीपुढं दिवा लावत होती. मामींनी लांबूनच हाक दिली, "कुठलं गाव हो तुमचं?"

बाई चमकून वळली. "खानापूर तालुका! तुमचं?"

"विटा!"

"अगं बया! या की आत! अशा दारात का?"

ही उर्मिलावहिनी. नवरा कामासाठी गावी गेलेला, भट्टी आणि दुकान ती एकटी बघत होती. दहा मिनिटांत आमच्या हातात चहा आणि पुढ्यात पोहे होते. मामी आणि तिची कुणाच्या तरी जावेच्या माहेरावरून ओळखही निघाली होती. अंगणात तिची स्कूटर उभी होती. टाकीवर गुळाचा चिकट डाग बघून माझ्या जिवात जीव आला.

"वहिनी, तुमच्या स्कूटरमधलं वाटीभर विरजण द्या. आत्ता लावलं तर सकाळी लवकर निघता येईल."

उर्मिलावहिनीनं तुळशीकडं बघितलं. "दिवे लागले की ओ."

"मग?"

"दिवे लागल्यावर आम्ही विरजण घराबाहेर देत नाही. मीठ नाही, सुई नाही, विरजण नाही. सासूबाईंनी घालून दिलंय. मी आजवर मोडलं नाही."

"अहो वहिनी, ते दह्याचं! हे गाडीचं आहे!"

"नाव काय म्हणताय याचं?"

"विरजण."

"मग?"

मी मामींकडं बघितलं. म्हटलं, निदान आता तरी जावयाची बाजू घेतील. मामी पोह्यातली मिरची बाजूला काढत होत्या. ती ताटलीच्या कडेला नीट ठेवून त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. विरजण घराबाहेर द्यायचंच नाही. गाडी घरात घ्या."

उर्मिलावहिनीनं क्षणभर विचार केला. "हां, घरातल्या घरात द्यायला हरकत नाही."

आणि मग आम्ही तिघांनी ती दोनशे किलोची मोटरसायकल घरात घेतली. उंबऱ्यावर फळी टाकली, पुढून मी ओढतोय, मागून वहिनी ढकलतेय, आणि मामी "उजवीकडं, आता डावीकडं, अहो कपाट!" असं ओरडतायत. हँडलमध्ये कॅलेंडर अडकून फाटलं. मांजर फडताळावर चढून बसलं ते खाली उतरायलाच तयार होईना. शेवटी गाडी भट्टीच्या भिंतीला टेकून, स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी उभी राहिली. तिथं छान ऊब होती, विरजणाला पाहिजे अगदी तशी. नळीला दुसरं फडकं गुंडाळून झालं, तीनदा धुऊन हळद काढली, टाकीत उकळून कोमट केलेलं पाणी भरलं. उर्मिलावहिनी स्कूटरमधल्या विरजणाची वाटी आणि पळी घेऊन आली.

"पण एवढं मेलं कसं ओ तुमचं?"

"हळद घातली," मी म्हणालो. कुणी घातली ते सांगितलं नाही. तेवढं सौजन्य माझ्यात आहे.

"हळद? हळदीचा हात लागला की संपलंच. मॅडम तर पहिल्याच दिवशी सांगतात, काहीही करा, हळद लावू नका."

"कोण मॅडम?"

"कोरापुटच्या. तृप्ती मॅडम. डोंगरातून आमच्या गावाला पाण्याची पाइपलाइन आहे, जागोजाग फुटकी. गावापर्यंत थेंब पोचायचा नाही. त्या आल्या आणि त्या पाइपांना आतून हीच साय धरवली. सरहद्दीच्या अलीकडं-पलीकडं किती गावांत केलंय त्यांनी. माझ्या स्कूटरचं विरजण पण त्यांनीच दिलेलं."

मामींची मान ताठ झाली. "माझी लेक आहे ती. आणि हे तिचे मालक."

"अय्या!" उर्मिलावहिनीनं वाटी खाली ठेवून मामींच्या पाया पडूनच घेतलं. मग माझ्याकडं वळली. "भेटायला चाललाय होय?"

"न्यायला," मी म्हणालो. "उद्या सकाळी वेळेत पोचलो तर."

वहिनीनं पळी वाटीत ठेवली आणि वाटी पदराखाली घेतली. "न्यायला? आणि आमच्या पाइपा?"

पण माझं तिच्याकडं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात, हळद लावू नका. परक्या बाईला सांगतात. आणि स्वतःच्या आईला?

"मामी," मी म्हणालो. "तुम्हाला हळदीचं ठाऊक होतं?"

मामी फडताळावरच्या मांजराला बोलवायला लागल्या.

"मामी!"

"होतं ठाऊक," मामी म्हणाल्या. "पोरगी दर आठवड्याला फोनवर त्या जंतूंचंच तर पुराण लावते. मुद्दाम घातली."

"मुद्दाम?"

"एक दिवस उशीर होऊ दे म्हटलं. तेवढ्यात सही होऊन जाईल. तुम्ही समोर उभे राहिलात की ती विरघळणार. तुमच्यावर जीव आहे तिचा, तोच तर घोळ आहे. मी जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या सोयीसाठी कुठून तरी घरी परत आले, जावईबापू. तिला तसं यायला लागू नये, एवढंच वाटलं."

मला काय राग आला म्हणून सांगू! पाच दिवस मागं बसवून आणलं, ऊन लागू नये म्हणून झाडं बघून थांबलो, आणि या बाईनं माझ्या बायकोच्या हातचं विरजण माझ्या पाठीमागं मारलं. "सकाळी पहिली बस कितीची आहे?" मी वहिनीला विचारलं. "मी बसनं जातो. एकटा. गाडी राहू दे आणि या पण राहू देत इथंच."

"उजाडताना चौकातून सुटते," वहिनी म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं, मामींकडं बघितलं, पदराखालची वाटी बाहेर काढली आणि टाकीत ओतली. "गाडीनं काय कुणाचं घोडं मारलंय? तिचं तिला लावून ठेवते. आता सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

उजाडायच्या आत मी पिशवी घेऊन चौकात गेलो. बस उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. बसच्या शेजारीच नळ होता आणि नळावर बायकांची ही गर्दी. हंडे, बादल्या, हसणं-खिदळणं, कुणीतरी कुणाच्या अंगावर पाणी उडवलेलं. मला पाणी बघायचं नव्हतं, बस धरायची होती. पण पाय तिकडं वळले. डोंगराकडून आलेला लोखंडी पाइप उघडाच होता, गंजलेला, आणि जिथं जिथं फुटला होता तिथं आतून पांढरट, जाड साय वर आलेली. मी बोटानं दाबून बघितली. ओल्या खोबऱ्यासारखी घट्ट होती.

"मैडम ने लगाया," हंडा भरणारी एक बाई म्हणाली. "तीन दिन कीचड़ में बैठी थीं. और गाती थीं." तिनं तोंड वाकडं केलं. "बहुत खराब गाती हैं."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, कारण ते खरं होतं. काम मनासारखं चाललं की तृप्ती गाते आणि भयानक गाते. तासगावात शेवटची कधी गायली होती ते मला आठवेना. मी नळापाशी उभा राहून आठवायचा खूप प्रयत्न केला.

"आप कौन?" त्या बाईनं विचारलं.

"उनका आदमी," मी म्हणालो. म्हणताना छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

मग काय! बायकांनी मला रांगेतून पुढं ढकललं. माझ्याकडं भांडं नव्हतं म्हणून एकीनं आपला तांब्या विसळून भरून दिला. पाणी थंडगार होतं. मागं बसवाल्यानं हॉर्न दिला, परत दिला, "कोरापुट, कोरापुट" असं दोनदा ओरडला. मी त्याच्याकडं पाठ करून तांब्या संपवला. बस गेली.

परत आलो तर मामी दारातच बसलेल्या. बहुतेक रात्रभर नीट झोपल्या नव्हत्या.

"बस चुकली?"

"चुकली."

"एवढ्या लवकर जाऊन?"

"चुकली म्हटलं ना मामी!"

"बरं, बरं," मामी म्हणाल्या आणि उठून त्यांनी स्वतः चहा टाकला. साखर जास्त घातली होती. मी तो तसाच संपवला.

उर्मिलावहिनीनं टाकीचं झाकण उघडलं, आत बोट बुडवून बघितलं आणि टाळी वाजवली. "लागलं! लागलं ओ विरजण!" नळीवरच्या फडक्यावर साय धरली होती. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: 'कूलंट सजीव. तीसच्या वर वेग नको.' स्कूटरचं विरजण ते, बाजारातल्या चालीची सवय. मोठ्या गाडीचा अंदाज यायला त्याला वेळ लागणार. उन्हं आता अंगणात आली होती, त्यामुळं विरजण घराबाहेर न्यायला वहिनीची हरकत नव्हती. तिनं मामींची ओटी भरली आणि मला सांगितलं, "मॅडमला म्हणावं, खालच्या वाडीच्या पाइपाला पण बघायचंय. आणि तुम्ही पण या परत. नेण्याबिण्यासाठी नको, असंच या."

तीसच्या वेगानं जंगलातला रस्ता फार लांब होतो. बैलगाड्या आमच्या बरोबरीनं चालल्या. हेल्मेटात मामी गप्प होत्या. पाच दिवसांत पहिल्यांदा. बराच वेळ मी तो आनंद भोगला, मग मलाच चैन पडेना.

"मामी, पुढं म्हैस आहे," मी म्हणालो.

"दिसली," मामी म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रागावलात?"

"रागावलोय. कोरापुट येईपर्यंत रागावलेलाच राहणार."

"राहा, राहा. पण हळू घ्या."

कोरापुटला पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. केंद्राच्या पायऱ्यांवर तृप्ती बसली होती. वाळली होती, उन्हानं काळवंडली होती आणि मला इतकी सुंदर दिसली की गाडीचा स्टँड लावायला मी विसरलो. गाडी कलंडत होती ती मामींनी धरली.

"उशीर केलास," तृप्ती म्हणाली.

"झाली सही?"

"नाही."

"का?"

"आईनं कळवलं होतं तू निघालायस म्हणून. मी केंद्रवाल्यांना म्हटलं, माझा माणूस समोर येतोय, आधी त्याचं ऐकते, मग सांगते. सकाळपासून आत सगळे ताटकळलेत. बोल. काय बोलायचंय ते बोल."

मामी "अरे देवा" म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

पाच दिवस मी मनातल्या मनात भाषण पाठ करत आलो होतो. घर, रंग, टेबलाजवळचा दिवा, लोक काय म्हणतात, आई-बाप काय म्हणतात, नवरा-बायकोनं एकत्र असावं की नाही. सगळं रांगेत लावून ठेवलेलं. आणि आता माझं बोलणं ऐकायला ती सगळ्यांना थांबवून बसली होती. मी 'चल' म्हणालो असतो तर ती आली असती, हे तिच्या तोंडावर मला दिसत होतं. मामी खरंच बोलल्या होत्या.

"मला तुझ्याशिवाय करमत नाही," मी म्हणालो. "घरात जेवण जात नाही. रात्री तुझ्या टेबलाजवळचा दिवा उगाच लावून बसतो. हे सांगायचं होतं. बाकी काही नाही. आता आत जा आणि सही कर."

"काय?"

"सही कर म्हटलं. माझ्या बेदाण्याच्या धंद्याचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. तेवढ्याला मी जाईन. बाकीचं वर्ष मी तासगावात काय करतो? गाडी पुसतो. ती इथंही पुसता येईल. मी इथं राहतो. ठेवणार असशील तर."

तिनं तोंडावर हात धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यातच हसायला लागली. "एवढंच होतं तर फोनवर नाही का सांगायचं?"

"तू फोन उचललास तर ना!"

"उचलला की तू ओरडतोस!"

"मी कुठं ओरडतो?" मी ओरडलो.

आतून तीन-चार माणसं दारात येऊन बघायला लागली. मामींनी आपली पिशवी उचलली, त्यांना म्हणाल्या, "ये ऐसेच है, तुम चाय किधर मिलता वो बताव," आणि त्यांच्यातून वाट काढत आत गेल्या.

आम्ही बराच वेळ भांडलो. मग तृप्ती आत जाऊन सही करून आली आणि आम्ही राहिलेलं भांडलो.